पेनिमनची नोंद

रेस्टन, व्हर्जिनिया. तिसरा मजला, खाली पार्किंग,
मे महिना, आणि एसी असा की खांद्यावर स्वेटर.
माझं काम नावांचं.
दक्षिण ध्रुवाचा एक कोपरा टेबलावर पसरायचा
आणि कोण कुठे राहतं ते तपासायचं.

आज पेनिमन.
जुनी नोंद चार ओळींची:
हिमनदी, लांबी अकरा किलोमीटर,
दोन निनावी कड्यांमधून वायव्येकडे उतरते,
उपसागराला मिळते.
नाव तळावरच्या एका ट्रॅक्टर मेकॅनिकचं.
त्याने ती पाहिली होती का,
असलं काही नोंदीत मावत नाही.

इंग्रजीत तिला लिंग नाही.
मी मनात मराठीत वाचते, नदी म्हणते,
आणि लगेच ती बाई होते,
ओळख ना पाळख अशा माणसाचं आडनाव लावलेली.

माझंही तसंच.
कराडच्या कार्यालयात ताटात तांदूळ पसरले होते,
यांनी अंगठीने गिरवलं: क्षमा.
तोवर मी कोयना होते.
माझ्या जन्माच्या वर्षीच डिसेंबरात जमीन हादरली,
सासूबाई म्हणाल्या, भूकंपाची आठवण घरात कशाला.
ताट आत नेताना जरा कललं,
क्षमामधला 'मा' घसरला, कुणी पाहिलं नाही.
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात लावला असेल.
मी विचारलं नाही.

पेनिमनला आधी नावच नव्हतं, एवढा फरक.
पाळण्याशी वाकून कानात सांगायला तिथे आत्या नव्हती,
आणि मागाहून नावं ठेवायलाही
कुणी नव्हतं.

दुपारी फोन. ओहायो, झेन्सव्हिल.
लुएला पेनिमन, वय ब्याऐंशी, मेकॅनिकची पुतणी.
"काकांची ती हिमनदी, केवढी आहे हो?"

माझ्यासमोर दोन आकडे.
छापलेला अकरा.
आणि उपग्रहाच्या चित्रावरून मी स्वतः
तीनदा मोजलेला: आठ पॉइंट चार.
तोंड मागे सरकलंय.
समुद्राला मिळायची तिथे आता खडक,
काळा, ओला,
नुकताच उघड्यावर आलेला.

अकरा म्हणणार होते. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला
कशाला उगाच.
पण सवय वाईट. आठ पॉइंट चार, म्हणाले,
आधी अकरा होती.

पलीकडे काहीच नाही. मग हसू.
"आमचे काकाही शेवटी शेवटी आखूड झाले होते.
पँटी मीच दुमडून शिवायचे."

ते याबद्दल कधी बोलले नाहीत, ती म्हणाली.
गेल्यावर गॅरेज आवरताना
ऑइल फिल्टरच्या खोक्यांमागे सरकारी पत्र सापडलं,
त्यावर ग्रीसचा अंगठा.
म्हणजे वाचलं होतं, बरं का.

"तिथे थंडी असेल ना?"
हो.
"त्यांना नाही आवडायची थंडी."
मग, "त्या नव्या खडकाला काय म्हणतात?"
अजून काही नाही.
"बरं आहे. राहू दे जरा."

फोन ठेवून नोंद उघडते.
अकरा खोडते, आठ पॉइंट चार.
नावाचा रकाना मला उघडत नाही,
तो वरच्या मजल्याचा,
तिथे समिती असते, अर्ज असतात, चहाऐवजी कॉफी.

'उपसागराला मिळते' इथे अडते.
मिळत नाही आता.
'अलीकडे संपते' लिहिते. कसंतरीच वाटतं,
घरच्यांना तार केल्यासारखं.
'थांबते'? थांबली कुठे आहे ती.

पाच वाजतात. पार्किंगमधल्या गाड्या
एकेक करून निघतात.
मी शेवटचं वाक्य सगळंच काढून टाकते
आणि आधीचं ठेवते:
वायव्येकडे उतरते.
एवढं अजून खरं आहे.